वर्गात हजर, नजरेत गैरहजर: एकट्या पडणाऱ्या मुलांसाठी शिक्षकाची खासगी वही

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. जिथे शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं, असं त्यात आहे. सूचना चांगल्याच आहेत. पण त्यातून लगेच पुढचा प्रश्न निघतो. समुपदेशक आला, तर त्याच्याकडे पाठवायचं कुणाला?

भांडणारं, रडणारं, नापास होणारं मूल कुणीतरी पाठवतंच. पण एखादं मूल रोज वेळेवर येतं, 'हजर बाई' म्हणतं, गृहपाठ दाखवतं आणि दिवसभरात कुणाशी दोन वाक्यंही न बोलता घरी जातं. त्याला कोण पाठवणार? कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेचा तर पटच पंधरा-वीसचा. तिथे समुपदेशक रोज असणार नाही. म्हणजे गाडी शेवटी वर्गशिक्षकाशीच येऊन थांबते. त्याला दिसलं तर पुढचं सगळं, नाही दिसलं तर काहीच नाही.

दिसावं यासाठी एक जुनं आणि स्वस्त साधन आहे: शिक्षकाने फक्त स्वतःसाठी लिहिलेली वही. शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमांत, म्हणजे डी.एल.एड. आणि बी.एड.ला, 'चिंतनशील लेखन' या नावाने ती भेटते आणि परीक्षेनंतर मागे पडते. ती नेमकी काय आहे, कशी लिहायची आणि कुठे फसते, ते इथे सविस्तर बघू.

## एकटं असणं वेगळं, एकटं पडणं वेगळं

मधल्या सुट्टीत एक मुलगी झाडाखाली पुस्तक वाचत बसली आहे. हाक मारली तर खेळात सहज मिसळते, मन भरलं की परत पुस्तकाकडे येते. ही एकटी आहे, एकटी पडलेली नाही. तिला सुधारायला जाऊ नये. दुसरी मुलगी घोळक्याच्या अगदी कडेला उभी असते. सगळ्या हसल्या की तीही हसते, पण कशावर हसायचं ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. लांबून बघणाऱ्याला ती घोळक्यातलीच वाटते. एकटी पडलेली आहे ती ही.

१९८२ मध्ये जॉन कोई आणि केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत शाळकरी मुलांनाच विचारलं: वर्गातलं कोण जास्त आवडतं, कोण सगळ्यात कमी आवडतं? उत्तरांवरून मुलांचे पाच गट पडले. लोकप्रिय, नाकारलेली, दुर्लक्षित, वादग्रस्त (काहींना फार आवडणारी, काहींना मुळीच न आवडणारी) आणि उरलेली सर्वसाधारण. आपल्याला यातले दोन गट नीट कळले पाहिजेत.

दुर्लक्षित मुलाचं नाव आवडीतही येत नाही आणि नावडीतही येत नाही. ते वर्गाच्या हिशेबातच नसतं. नाकारलेल्या मुलाचं नाव मात्र नावडीत पुन्हा पुन्हा येतं. दुर्लक्षित मूल वर्ग बदलला, एखादी मैत्रीण मिळाली की बऱ्याचदा मिसळून जातं. नाकारलेलं असण्याचा शिक्का मात्र पुढच्या इयत्तांमध्येही सोबत येण्याचा धोका जास्त असतो. दोघंही मधल्या सुट्टीत एकटीच दिसतात, पण दोघांसाठी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून आधी नीट बघायचं, उपाय नंतर.

## मग वर्गशिक्षकाला दिसत का नाही?

माया कमी असते म्हणून नव्हे. लक्षाची गणितं तशी असतात म्हणून. पस्तीस मिनिटांची तासिका आणि पंचेचाळीस मुलं धरली, तर एका मुलाच्या वाट्याला सत्तेचाळीस सेकंदही येत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तेवढीच मुलं असली तरी हिशेब मिनिटभराच्या आसपासच राहतो. आणि ही मिनिटं सारखी वाटली जात नाहीत. हात वर करणारी आणि गोंधळ घालणारी मुलं बहुतेक वेळ घेऊन जातात.

कोल्हापुरात फुटबॉल बघणाऱ्याला हे लगेच पटेल. प्रेक्षकाची नजर चेंडूबरोबर धावते. संपूर्ण सामन्यात ज्याच्याकडे एकही पास आला नाही, तो खेळाडू मैदानावर असूनही दिसत नाही. त्याला बघायचं तर चेंडूवरची नजर मुद्दाम काढावी लागते. वर्गातही चेंडू असतो: प्रश्न, उत्तर, दंगा, तक्रार. जिथे चेंडू जात नाही ती बाकं नजरेतून निसटतात.

यात शिक्षकाची घाईही भर घालते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत, मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. एका सेकंदात चटपटीत मूलच बोलू शकतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकटं पडलेलं मूल आपलं एकटेपण लपवतं, आणि फार हुशारीने लपवतं. मधल्या सुट्टीत 'बाई, फळा पुसू का?' म्हणत मागे राहतं. पाण्याची बाटली भरायला तीनदा जातं. वहीत काहीतरी लिहीत बसतं, म्हणजे कुणी विचारलं तर कारण तयार असतं. शिक्षकाला असं मूल गुणी वाटतं. 'ह्याचा काही त्रास नाही' हे वाक्य ज्या मुलाबद्दल सहज तोंडात येतं, त्याच्याकडे एकदा थांबून बघायला हवं.

## इतक्या नोंदी असताना आणखी एक वही कशाला?

हजेरीपत्रक आहे, टाचण (पाठाची लेखी पूर्वतयारी) आहे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहावीच लागते. या सगळ्या नोंदींचा वाचक दुसरा कुणीतरी असतो: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पालक. वाचणारा दुसरा असला की लिहिणारा सांभाळून लिहितो. 'शांत व शिस्तप्रिय आहे', 'मित्रांना मदत करतो' अशी ठरलेली वाक्यं त्यातून येतात. 'या मुलाबद्दल मला काहीच माहीत नाही' असं वर्णनात्मक नोंदीत लिहायची सोय नाही.

खासगी वहीत नेमकं तेच लिहायचं असतं. ती मुलाची नोंदवही नाही. मुलांकडे बघणाऱ्या आपल्या नजरेची ती नोंदवही आहे. तिच्यातल्या वाक्यांचा कर्ता बहुतेक वेळा 'मी' असतो. 'मुलगी गप्प असते' यापेक्षा 'या आठवड्यात मी तिला एकदाही प्रश्न विचारला नाही' हे वाक्य जास्त उपयोगी, कारण सोमवारी त्यावर काही करता येतं.

डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने १९८३ मध्ये कामाबद्दलच्या विचाराचे दोन प्रकार सांगितले: काम चालू असताना हाताबरोबर चालणारा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार. वर्गात पहिला चालतो आणि तो घाईचा असतो. वही दुसऱ्यासाठी आहे. चिंतनशील लेखन म्हणजे एवढंच, त्यात अवघड काही नाही.

## वही लिहायची कशी

साधी शंभर पानी वही आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसलेलं उत्तम, कारण आठवडा ताजा असतो आणि दुपार मोकळी असते.

पहिलं पान कोरं घ्या. हजेरीपत्रक न उघडता वर्गातल्या मुलांची नावं आठवतील तशी लिहा. बाकांच्या रांगेने जाऊ नका आणि हजेरी क्रमांकानेही नको, कारण मग आठवण काम करत नाही, पाठांतर करतं. तीन मिनिटांनी आडवी रेघ मारा आणि उरलेली नावं रेघेखाली लिहा. आता हजेरीपत्रक काढून ताडून बघा. कुणाची नावं रेघेखाली गेली? कुणाचं आलंच नाही? पहिल्या दहांत बहुधा हुशार आणि खोडकर मुलं असतात. राहिलेली नावं ही आपल्या नजरेची आंधळी जागा. हे करताना वाईट वाटतं. वाटू द्यावं, पण तिथे अडकून बसू नये.

मग प्रत्येक नावापुढे एक ओळ: या आठवड्यात या मुलाशी अभ्यास आणि शिस्त सोडून मी काय बोललो? 'म्हैस व्याली ते सांगितलं', 'नवीन बुटांबद्दल', 'मामाच्या गावची जत्रा'. काही आठवत नसेल तर जागा कोरी सोडा. ती भरून काढायचा मोह होतो, आणि वही फसते ती इथेच. आठवत नसताना लिहिलेलं 'ठीक आहे' म्हणजे वर्णनात्मक नोंदच झाली.

हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा करा. एका शनिवारच्या कोऱ्या जागेला फारसा अर्थ नसतो. पावसाळ्यात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी अख्खं कोल्हापूर बघतं. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. पण घाटाजवळ राहणारा माणूस नुसता आकडा विचारत नाही. 'सकाळी किती होतं?' असं विचारतो. पाणी चढतंय की उतरतंय, हे मागच्या आकड्याशिवाय कळत नाही. वहीचंही तसंच. तीन शनिवार सलग कोरी राहिलेली जागा म्हणजे चढतं पाणी.

अशी तीन मुलं निवडा. तीनच. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे चार वेळांना मुद्दाम बघायचं, प्रत्येकी दोन मिनिटं: शाळा भरायच्या आधी मैदानावर, 'गट करा' म्हटल्यावर, जेवताना आणि शाळा सुटताना फाटकापाशी. जिथे कुणी कुणाजवळ बसायचं हे मुलं स्वतः ठरवतात, अशा या जागा आहेत. तासाला बाकांच्या रांगा सगळं झाकून टाकतात.

यातही जेवणाची वेळ सगळ्यात बोलकी. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणासाठी जागा धरतं, कुणी बसल्यावर शेजारचा सरकून बसतो, कोण ताटली घेऊन दोनदा रांग बदलतो, कोण सगळ्यांच्या शेवटी येतो आणि घाईने संपवून उठतो. डब्याच्या शाळेत डब्याचं झाकण बघा. गटात डबे मध्ये सरकवलेले असतात. एकट्या मुलाचा डबा मांडीवर असतो आणि झाकण अर्धं लावलेलं. यातलं एकही लक्षण एकट्याने पुरावा ठरत नाही. तीन दिवस तेच दिसलं तर ते लिहून ठेवावं.

लिहिताना दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. पानाच्या मध्यावर उभी रेघ मारून डावीकडे डोळ्यांनी बघितलेलं, उजवीकडे आपला अंदाज. 'घुमा आहे, घरी काहीतरी अडचण असणार' ही नोंद निरुपयोगी, कारण तिच्यात बघितलेलं काहीच नाही. त्याऐवजी अशी लिहावी: 'मंगळ, बुध, शुक्र. तिन्ही दिवस खिचडी घेऊन पायरीवर. शेजारी कुणी नाही. शुक्रवारी चौथीची मुलं येताच उठून गेला. मी तिन्ही वेळा बघितलं, बोलले नाही. तांदळाचा हिशेब लिहीत होते.' अशा नोंदीत मूलही दिसतं आणि शिक्षिकाही दिसते.

शेवटची ओळ नेहमी पुढची असावी: एक लहानसा बदल आणि तो कधी तपासायचा ती तारीख. तारीख नसेल तर वही मनातली खंत उतरवण्याची जागा बनून राहते.

## कोल्हापूर जिल्ह्यात कुठे जास्त जपून बघायचं

काही मुलांच्या एकटं पडण्याची वेळ आधीच सांगता येते. पाचवी आणि आठवी ही त्यातली पहिली. गावातली प्राथमिक शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि मुलं मोठ्या गावच्या हायस्कुलात येतात. मोठ्या गावांची मुलं पाच-सहाच्या घोळक्याने येतात, त्यांचा गट तयारच असतो. एखाद्या धनगरवाड्यावरून मात्र एकटंच मूल येतं. त्यात एसटीची वेळ असते. शाळा सुटल्यावर मैदानावर जी मैत्री जमते, तेव्हा ते स्टँडवर उभं असतं. अशा मुलाची मैत्री शाळेच्या वेळेतच जमवून द्यावी लागते.

दुसरी वेळ साखर कारखान्यांचा हंगाम. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबं येतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांची मुलं सत्राच्या मध्येच वर्गात येतात, तेव्हा बाकांवरच्या जोड्या ठरून गेलेल्या असतात. 'चार महिन्यांनी जाणारच आहे' हे मुलांनाही माहीत असतं आणि शिक्षकालाही. आपली नजर नकळत त्याच्यात गुंतवणूक करत नाही. वहीत हे वाक्य स्पष्ट लिहून ठेवलं, तर निदान आपण काय करतोय ते कळतं.

इचलकरंजीत यंत्रमागांवर कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुलं घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. गडहिंग्लज, शिरोळकडे घरची भाषा कन्नड असते. अशा मुलाचं गप्प राहणं हा स्वभाव आहे की शब्दांची अडचण, हे ओळखायची सोपी रीत आहे: त्याच भाषेचं दुसरं मूल भेटल्यावर ते बोलतं का ते बघायचं. खळाळून बोलत असेल तर प्रश्न भाषेचा आहे. महापुरानंतरचे महिनेही असेच. २०१९ आणि २०२१ मध्ये कितीतरी घरं तात्पुरती हलली. घर हललं की येण्याजाण्याची सोबत तुटते, आणि लहान मुलांची निम्मी मैत्री रस्त्यावरच असते.

जातीबद्दलही बोललं पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. एका बाकावर बसण्याचा हक्क या मातीत शंभर वर्षांपूर्वी मिळाला. शेजारच्याने डबा पुढे करावा हे मात्र हुकमाने होत नाही, ते रोज बघावं लागतं. वर्गातली एकटी पडलेली मुलं एकाच वस्तीची निघाली, तर त्या मुलांच्या स्वभावात काही शोधू नये. तो प्रश्न वर्गाचा आहे, आणि कदाचित गावाचा.

## मुलांनाच विचारता येईल का?

येईल, पण जपून. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात ही रीत पुढे आणली. तिला समाजमिती म्हणतात, म्हणजे गटातल्या नात्यांची मोजणी. तिच्यातून निघणारं चित्र म्हणजे समाजालेख.

प्रत्येक मुलाला चिठ्ठी द्या आणि विचारा: 'पुढच्या प्रकल्पात कुणाकुणाबरोबर काम करायला आवडेल? तीन नावं लिहा.' चिठ्ठ्या घडी घालून थेट तुमच्याकडे. घरी मोठ्या कागदावर प्रत्येक मुलासाठी एक वर्तुळ काढा आणि ज्याने ज्याचं नाव लिहिलं त्याच्याकडे बाण. अर्ध्या तासात वर्ग समोर उभा राहतो. ज्याच्याकडे खूप बाण येतात तो 'तारा'. दोघांचे बाण एकमेकांकडे, ती जोडी. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो 'एकाकी'. त्या वर्तुळातून तीन बाण बाहेर गेलेले असतात आणि आत एकही आलेला नसतो. ते तीन बाण नीट बघा. पुढची वाट त्यांतूनच निघते, कारण त्याला कुणाजवळ जावंसं वाटतंय ते त्याने स्वतः सांगितलेलं असतं.

चुकतं कुठे? 'कोण आवडत नाही' हे विचारलं जातं तिथे. संशोधनात ते देखरेखीखाली विचारतात. वर्गात विचारलं की मधल्या सुट्टीत 'तू कुणाचं लिहिलंस?' सुरू होतं आणि ज्याचं दुःख कमी करायचं त्याचंच वाढतं. दुसरी चूक म्हणजे विचारून त्याप्रमाणे गट न करणं. मुलं पुढच्या वेळी खरं लिहीत नाहीत. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची नावंही कमी येतात, ते लक्षात ठेवा. पहिली-दुसरीला चिठ्ठी न देता एकेकाला जवळ घेऊन विचारा. आणि एका चित्रावर निकाल देऊ नका. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा काढा.

## दिसलं. आता पुढे?

सगळ्यांसमोर 'अरे, ह्याला पण खेळायला घ्या रे' म्हणू नका. घेतात, दोन दिवस घेतात, आणि ते मूल 'बाईंनी सांगितलेलं' होऊन बसतं. एकदम मॉनिटर करणंही तसंच. मॉनिटरला मित्र मिळतीलच असं नाही, शत्रू मात्र नक्की मिळतात.

दुर्लक्षित मुलासाठी तालमीतला वस्ताद काय करतो ते आठवा. नव्या पोराला तो थेट फडात उतरवत नाही. आधी त्याच्या वजनाची, समजुतीची जोड शोधून देतो. वर्गातही एकच जोड शोधायची. समाजालेखातल्या त्या तीन बाणांपैकी सगळ्यात मवाळ मूल निवडायचं आणि दोघांना असं काम द्यायचं जे एकट्याला होत नाही: परसबागेला पाणी घालणं, वाचनालयातल्या पुस्तकांची नोंद (एक वाचणार, एक लिहिणार), पोषण आहाराच्या ताटल्या मोजून ठेवणं. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. हात कामात असले की बोलणं आपोआप सुटतं. समोरासमोर बसवून 'आता मैत्री करा' म्हटलं की आलेलं बोलणंही आटतं.

गट नेहमी शिक्षकाने पाडावेत. 'आपापले गट करा' या तीन शब्दांनंतरचा अर्धा मिनिट काही मुलांना आठवडाभर पुरतो.

गटकामाची एक रीत फार उपयोगी आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्यानेच एकत्र आली होती आणि ताण होता. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिथे धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचं कळायचं तर दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. आपल्याकडे पंचगंगा घ्या. पाच जणांचा गट करा. एकाकडे कासारी, एकाकडे कुंभी, एकाकडे तुळशी, एकाकडे भोगावती, आणि पाचव्याकडे प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंतचा प्रवाह. आधी सगळ्या गटांतले 'कुंभी'वाले एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात येऊन सांगतात. कुंभीचं मूल बोललं नाही तर गटाची नदी पुरी होत नाही. इथे चूक होते ती त्या मुलाला झेपणार नाही एवढा मोठा उतारा दिल्याने. आदल्या दिवशी त्याच्याकडून एकदा वाचून घ्या, नाहीतर 'ह्याच्यामुळे आपलं राहिलं' हा बोल त्याच्या माथी येतो.

नाकारलेल्या मुलासाठी नुसती जोड पुरत नाही. आधी वहीच्या डावीकडच्या रकान्यात बघा की बिनसतं कुठे. पुष्कळदा ते खेळात शिरतानाच बिनसतं. मूल धावत येऊन चेंडू हिसकावतं किंवा नियमावर वाद घालतं. त्याला बाजूला घेऊन शिकवता येतं: दोन मिनिटं उभा राहून बघ, काय चाललंय ते समजून घे, 'भारी मारलास' म्हण, मग 'मी कुठे उभा राहू?' असं विचार. मोठ्यांना हे सांगावं लागेल असं वाटत नाही, पण काही मुलांना ते कुणीच दाखवलेलं नसतं. मात्र ठरवून चिडवणं, टोपणनाव, वस्तू लपवणं दिसत असेल, तर त्या मुलाला काहीही शिकवत बसू नका. तो छळ आहे आणि आधी तो थांबवायचा.

आणि स्वतःसाठी दोन साध्या गोष्टी: प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजा, आणि निवडलेल्या तीन मुलांशी रोज एक वाक्य अभ्यासाबाहेरचं बोला.

## नेहमी येणाऱ्या शंका

'आधीच ऑनलाइन माहित्या, प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं. वेळ कुठून आणायचा?' ही तक्रार खरी आहे. म्हणून वीस मिनिटं आणि तीनच मुलं. तेही न जमल्यास महिन्यातून एकदा नावांचं पान तरी लिहावं. ही वही तपासणीला मागायची मात्र नाही. मुख्याध्यापकांनी 'सर्वांनी चिंतनवही दाखवावी' असा फतवा काढला, की दुसऱ्या दिवसापासून ती खोटी लिहिली जाते.

'मुलं आपली आपण रुळतात.' बरीचशी रुळतात. म्हणूनच तारीख लिहायची. चार आठवड्यांत काहीच हललं नाही, तर थांबून बघण्याचा काळ संपला.

'तो मुळातच लाजाळू आहे.' लाजाळू मुलालाही बहुधा एक-दोन जिवाभावाचे मित्र असतात. बुजरेपणाने मित्र कमी होतात, सहसा शून्य होत नाहीत.

'पालकांना सांगावं का?' सांगावं, पण डावीकडचा रकाना सांगावा, उजवीकडचा नाही. 'तुमचा मुलगा एकलकोंडा आहे' म्हटलं की आई घाबरते आणि घरी मुलालाच बोलणी बसतात. 'तीन आठवडे बघतोय, जेवताना एकटा बसतो. घरी शाळेतल्या कुणाचं नाव काढतो का?' असं विचारा. घरी कुणाचंच नाव निघत नाही, हे उत्तर फार काही सांगून जातं. एखादं नाव निघालं, तर जोड मिळाली.

'ही मुलांवर पाळत नाही का?' होऊ शकते. वहीत मुलाची गुपितं गोळा होऊ लागली तर ती पाळतच. त्यासाठी पुढचे नियम आहेत.

## खासगी म्हणजे किती खासगी

मुलाचं नाव सलग नोंदींत लिहू नका, खूण वापरा. हजेरी क्रमांक ही खूण नव्हे, तो कुणालाही शोधता येतो. तीन शनिवारांची नावांची पानं एकमेकांशी ताडून झाली की फाडून टाका. जात, घरातली भांडणं, आजाराचं नाव, ऐकीव गोष्टी लिहायच्या नाहीत. वही शाळेच्या कपाटात ठेवायची नाही. फोनमध्ये, व्हॉट्सअॅपवर, फोटो काढून तर नाहीच. समाजालेखाच्या चिठ्ठ्या चित्र झाल्यावर नष्ट करा. शिक्षककक्षात 'आमच्या वर्गातला तो एकाकी' असा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. मुलांच्या कानावर पोचायला एक सुट्टी पुरते.

काही गोष्टींना मात्र हा खासगीपणा लागू नाही. लैंगिक अत्याचाराबद्दल मूल काही बोललं किंवा तशी शंका आली, तर ते वहीत ठेवून चालणार नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह वेगळ्या कागदावर लिहा. उलटतपासणी करू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते.

'मी नसलो तर बरं होईल' अशा अर्थाचं काही मूल बोललं किंवा त्याने स्वतःच्या वहीत लिहिलं, तर शनिवारची वाट बघायची नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालक आणि मुख्याध्यापकांना बोलावून घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं, आणि कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे नेता येतं.

एप्रिलमध्ये शेवटच्या शनिवारी पुन्हा एक कोरं पान घ्यावं आणि हजेरीपत्रक न उघडता नावं लिहावीत, तीन मिनिटांनी रेघ मारावी. जूनमध्ये रेघेखाली कोण होतं ते आता बहुधा तोंडपाठ असतं. जी मुलं अजूनही रेघेखाली आहेत, त्यांच्याबद्दल पुढच्या वर्गशिक्षकांशी दहा मिनिटं तोंडी बोलावं: त्याला कुणाजवळ बसवलं की बरं वाटतं, कुठलं काम आवडतं, एसटी किती वाजता. एवढं सांगून झालं की वहीची पानं फाडून बंबात घालावीत.